पंचाण्णव मात्रांची पट्टी

बिस्किटाच्या पुड्यावर नाव असतं, चित्र असतं, वजन आणि छापील किंमत असते. आणि एका कडेला काळ्या रेघांची पट्टी असते. बाकी सगळं आपण वाचतो, पट्टी तेवढी काउंटरवरच्या यंत्रासाठी सोडून देतो. पण ती आपणही वाचावी अशी आहे. वृत्तबद्ध कवितेत मात्रा मोजून, यती सांभाळून आशय बसवलेला असतो, तशीच ही रचना आहे. तिच्यातलं कसब ध्यानात यायला लागलं की पुडा पटकन खाली ठेववत नाही.

वाचायला एक नमुना घेऊ: ८९०१२३४५६७८९०. तेरा अंक. त्यांच्या डोक्यावरच्या पट्टीची रुंदी ९५ समान भागांत मोजलेली असते. या सर्वांत बारीक भागाला आपण मात्रा म्हणू. नेहमीच्या आकाराच्या छपाईत ती ०.३३ मिलिमीटर भरते. आरंभाला तीन मात्रा खर्ची पडतात: काळी, पांढरी, काळी. शेवटी पुन्हा त्याच तीन. मधोमध पाच मात्रांची यती. बहुतेक पुड्यांवर या तीन ठिकाणच्या रेघा इतरांपेक्षा थोड्या खाली उतरलेल्या दिसतात. उरलेल्या ८४ मात्रांत यतीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा अंक, प्रत्येकाच्या वाट्याला सात मात्रा. त्या सातांत दोन काळ्या रेघा आणि दोन पांढऱ्या फटी बसवायच्या, एवढाच नियम.

आता भिंग घेऊन डावीकडून बघू. आरंभाच्या खुणेनंतर लगेच ९ येतो: तीन मात्रा पांढऱ्या, एक काळी, एक पांढरी, दोन काळ्या. त्याला लागून ०: एक पांढरी, एक काळी, दोन पांढऱ्या, तीन काळ्या. घरातला साबण, चहाचा पुडा, टूथपेस्टचं खोकं, ज्या कशाचा आकडा ८९० ने सुरू होत असेल ते हातात घ्या. सगळ्यांची सुरुवात हुबेहूब हीच असते आणि शून्याच्या टोकाची ती तीन मात्रांची ठसठशीत रेघ प्रत्येकावर नेमक्या त्याच जागी सापडते. आणखी एक गोष्ट इथेच दिसते. पांढरं म्हणजे शाई न लागलेली उरलीसुरली जागा नाही. काळ्याइतकाच अर्थ पांढऱ्याला आहे.

पण आकडा तर ८ पासून सुरू होतो. तो ८ कुठे गेला? खाली छापलेल्या अंकांत तो पट्टीच्या बाहेर, डावीकडे एकटाच उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर एकही रेघ नसते. या रचनेतली सगळ्यात सुंदर जागा मला हीच वाटते. डाव्या अर्ध्यातला प्रत्येक अंक दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत त्याच्या काळ्या मात्रा विषम भरतात, दुसरीत सम. आपल्या नमुन्यातल्या ९ ला तीन काळ्या मात्रा होत्या, ० ला चार. डावीकडच्या सहा अंकांची चाल विषम, सम, विषम, सम, सम, विषम अशी लागली, की यंत्र समजतं: पहिला अंक ८. तो लिहिलेला नाही, इतरांच्या लिहिण्याच्या ढंगातून तो ऐकू येतो. काव्यशास्त्रात आपण ज्याला ध्वनी म्हणतो त्याचं इतकं काटेकोर उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

यामागे इतिहास आहे. अमेरिकेतल्या किराणा व्यवसायाने ३ एप्रिल १९७३ रोजी बारा अंकांची पट्टी स्वीकारली. युरोपला, आणि पुढे जगाला, तेरावा अंक हवा होता, पण पट्टीची रुंदी तर वाढवायची नव्हती. म्हणून तो सम-विषमाच्या चालीत लपवला. साही अंक विषम असतील तर पहिला अंक ०, असं ठरवल्याने अमेरिकेचे जुने आकडेही नव्या पद्धतीत जसेच्या तसे सामावले. उजव्या अर्ध्यातले अंक नेहमी सम आणि डावीकडचा पहिला नेहमी विषम, त्यामुळे पुडा उलटा धरला तरी यंत्र दिशा ओळखतं.

शेवटचा अंक म्हणजे ताळा. आपल्या नमुन्यावर करून पाहू. विषम स्थानांवरचे अंक ८, ०, २, ४, ६, ८, बेरीज २८. सम स्थानांवरचे ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतील तो तेरावा अंक. इथे काहीच कमी पडत नाही, म्हणून ०. भारताला मिळालेल्या ८९० पासून अंक ओळीने मोजत गेलं तर ताळ्याचा अंकही त्याच ओळीत येऊन बसतो, हा निव्वळ योगायोग, पण फार गोड. एखादा अंक चुकला तर हा ताळा हमखास पकडतो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर मात्र एका प्रकारात फसतो: त्या दोघांत पाचाचा फरक असेल तेव्हा. १६ चे ६१ झाले तर बेरीज बरोबर दहाने बदलते आणि ताळा जुळतो. पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी आयएसबीएनचा ताळा अकराच्या हिशेबाचा होता, त्यातून अशी अदलाबदलही सुटत नसे. जुन्या पुस्तकांवर आकड्याच्या शेवटी कधीकधी दिसणारा एक्स त्याच हिशेबातला. २००७ पासून पुस्तकंही ९७८ लावून तेरा अंकांत आली, आणि तो कडक ताळा गेला. मला त्याची हळहळ वाटते.

या रेघांची कल्पना सुचली ती मात्र वाळूत. फिलाडेल्फियात ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये १९४८ साली बर्नार्ड सिल्व्हर यांच्या कानावर एका किराणा साखळीच्या प्रमुखाची मागणी पडली: गिऱ्हाईक पैसे देताना मालाची नोंद आपोआप व्हावी. त्यांनी ती मित्राला, नॉर्मन जोसेफ वुडलंड यांना सांगितली. वुडलंड मायामी बीचवर बसले असताना मोर्सच्या संकेतातले ठिपके आणि डॅश वाळूत काढत होते. बोटं खाली ओढली तशा त्यांच्या बारीक आणि जाड रेघा झाल्या. ७ ऑक्टोबर १९५२ ला दोघांना पेटंट मिळालं, पण परवडणारा लेझर आणि संगणक यायला आणखी दोन दशकं गेली. दरम्यान १९६३ मध्ये सिल्व्हर वारले. दोघांच्या आराखड्यात रेघा वळवून गोल कडी केली होती, त्यांची छपाईत शाई फिसकटे. आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी सरळ उभ्या रेघा निवडल्या, कारण शाई रेघेच्या दिशेने ओघळली तर रेघ फक्त उंच होते, जाडी बदलत नाही. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये ज्युसी फ्रूट च्युइंगमचा पुडा पहिल्यांदा असा वाचला गेला.

एवढी कसोशी करून पट्टी सांगते काय? फक्त एक क्रमांक. किंमत तिच्यात नसते. ती दुकानाच्या संगणकात असते, म्हणून सकाळी भाव बदलला तरी पुड्यावरची पट्टी तीच राहते. (सुपरमार्केटात पनीर वा भाजी तोलून चिकटवतात ती, २ ने सुरू होणारी पट्टी वेगळी. तिच्यात वजन किंवा रक्कम घातलेली असते आणि ती त्या दुकानापुरतीच चालते.) वस्तू कुठे बनली हेही ती सांगत नाही. ८९० चा अर्थ एवढाच की कंपनीने क्रमांक जीएसवन इंडिया या संस्थेकडून घेतला. माल दुसऱ्या देशात बनलेला असू शकतो. पहिले तीन अंक बघून चिनी माल ओळखा, असे व्हॉट्सअॅपवर फिरणारे सल्ले म्हणून चुकीचे आहेत.

आपला माल विकायला काढणाऱ्याला हे नीट कळलेलं बरं. एखाद्या बचत गटाचा गोडा मसाला १००, २०० आणि ५०० ग्रॅममध्ये असेल तर क्रमांक तीन लागतात. किंमत वाढवली तर क्रमांक बदलायचा नाही. १०० ग्रॅमचे ९० केले तर बदलायचा. अमेझॉनवर नवी वस्तू चढवताना हा क्रमांक मागतात आणि तो खरंच त्या ब्रँडचा आहे का, हे जीएसवनच्या नोंदींशी पडताळतात. इंटरनेटवर स्वस्तात विकत मिळणारे क्रमांक बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असतात. ताळा जुळतो, यंत्र बीप करतं, पण नोंदीत नाव भलत्याचं निघतं आणि वस्तू यादीतून उतरवली जाऊ शकते. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. घरी बनवलेल्या, ब्रँड नसलेल्या वस्तूला अमेझॉनकडे क्रमांकातून सूट मागता येते, तो सरळ मार्ग आहे.

आणि पट्टी छापताना तिच्या व्याकरणाला हात लावू नये. नेहमीच्या स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल आणि पांढरं सारखंच दिसतं. त्यामुळे पांढऱ्यावर लाल किंवा केशरी रेघा काढल्या तर यंत्राला कोरा कागद दिसतो. गर्द निळ्या रेघा चालतात. पापडाच्या पारदर्शक पिशवीवर आधी पांढरा ठोकळा छापावा लागतो. लोणच्याच्या अरुंद बाटलीवर रेघा आडव्या येतील अशी पट्टी फिरवून लावावी, म्हणजे बाटलीच्या गोलाईने रेघांची जाडी आकसत नाही. पट्टीच्या डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मात्रांची कोरी जागा हीसुद्धा रचनेचाच भाग आहे. डावीकडे तो एकटा ८ ती राखतो. उजवीकडे काही पुड्यांवर एक छोटी कोनाकृती खूण छापलेली दिसते, तिचं काम तेवढंच. लेबल आखणाऱ्याला ही जागा नेहमी वाया गेल्यासारखी वाटते आणि तो तिथे वेलबुट्टी सरकवतो. प्रूफ हातात आलं की सगळ्यात आधी तिथे बघावं.