ठिपके स्वस्त, चित्र महाग

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की मुले आधी 'ग्राफिक्स'विषयीच बोलतात. संगणक दर काही वर्षांनी वेगवान होतात, तेव्हा अशी चित्रे काढणे स्वस्त होत गेले असेल, असे आपल्याला वाटते. घडले आहे ते उलटेच.

१९८१ च्या 'डाँकी काँग'मधला मारिओ १६ × १६ ठिपक्यांत बसवलेला होता. आलेखाच्या वहीवर तेवढ्याच चौकोनांत आख्खा माणूस काढून पाहा. आम्ही पाहिला, तोंड काही केल्या मावत नाही. शिगेरू मियामोतो यांनी म्हणूनच त्याला मिशी दिली, आणि केस टाळण्यासाठी टोपी. ठिपके एकूण २५६. आज एकाच पात्राच्या त्वचेचे चित्र ४०९६ × ४०९६ ठिपक्यांचे, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून मोठे असू शकते. ते पडद्यावर उमटवणे यंत्राचे काम, आणि यंत्र ते सेकंदाला ६० वेळाही करते. पण सुरकुती कुठे हवी, सदरा कुठे विरलेला हवा, हे माणसानेच ठरवायचे. त्याचा हात काही चिपच्या वेगाने सुधारत नाही. २०२३ साली अमेरिकेतील एका खटल्यात नीट न झाकलेल्या कागदांवरून कळले, की 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' (२०२०) या खेळाला सुमारे २२ कोटी डॉलर लागले आणि ऐन भरात सुमारे २०० माणसे कामाला होती. त्यातले चेहरे बोलके आहेत, हे मान्य. पण एवढा पैसा अडकल्यावर नवी कल्पना आजमावण्याचे धाडस कोण करणार?

लुकास पोप यांचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) आम्हाला अधिक आवडला. जुन्या मॅकिंटॉशसारख्या दोनच छटा. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक, आणि जहाजावरच्या ६० जणांचे काय झाले ते शोधायचे. पोशाख, गोंदण, कोण कोणाजवळ उभा आहे, अशा खुणांवरून माणूस ओळखावा लागतो. त्यामुळे चित्रातली काटकसर खेळाच्या कामी येते. (काही चेहऱ्यांत मात्र आम्ही फसलो, आणि तो दोष सर्वस्वी आमचा नव्हे.)

हे स्वस्तातले काम, असे मात्र समजू नये. वर्तमानपत्रातल्या छायाचित्राप्रमाणे इथे करडी छटा ठिपक्यांच्या दाटीने दाखवली आहे. खेळाडूने मान वळवली की दृश्य सरकते, ठिपके जागीच राहतात, आणि सगळे चित्र वळवळू लागते. पोप यांनी ठिपक्यांची जाळी खेळाडूभोवतीच्या काल्पनिक गोलावर बसवली, तेव्हा ती वळवळ आटोक्यात आली. लेखन, चित्रे, संगीत, प्रोग्रॅम सगळे त्यांचेच. चार वर्षे लागली.