नोंदशीर्षकाचे भाषांतर

‘द डिक्शनरी ऑफ ह्यूमन जिऑग्रफी’ हा कोश १९८१ साली आर. जे. जॉन्स्टन यांच्या संपादनाखाली निघाला. २००९ च्या पाचव्या आवृत्तीला पाच संपादक आहेत. नोंदीखाली लेखकाची आद्याक्षरे असल्याने प्रतिपादनाचे उत्तरदायित्व व्यक्तीकडे राहते, हे या संपादनपद्धतीचे बळ होय. अडचण नोंदशीर्षकापाशीच सुरू होते. ‘लँडस्केप’ ही संज्ञा पाहावी. कार्ल सॉवर यांनी १९२५ मध्ये जर्मन ‘लांडशाफ्ट’ची संकल्पना इंग्रजी भूगोलात रुजवली. जर्मन शब्दात प्रदेश आणि त्याचे दृश्यरूप हे दोन्ही अर्थ नांदतात. इंग्रजी शब्दावर चित्रकलेचा संस्कार गडद आहे. केनेथ ओल्विग यांनी १९९६ मध्ये मागे पडलेल्या पहिल्या अर्थाचीच बाजू मांडली. वर्णानुक्रमात मात्र एकच इंग्रजी शीर्षक दिसते आणि भाषांतराचा हा इतिहास नोंदीच्या पोटात जातो. मराठीत ‘भूदृश्य’ म्हटले की डोळ्यांना दिसते तेवढेच उरते. ‘मुलूख’ म्हटल्यास सत्ता, वस्ती आणि आपलेपणा येतो, पण दृश्य निसटते; शिवाय परिभाषाकारांना तो शब्द फार घरगुती वाटत असावा. मराठी कोशकाराने एकच प्रतिशब्द निवडून मोकळे होऊ नये. दोन्ही नोंदी स्वतंत्र ठेवून परस्परांकडे निर्देश द्यावेत आणि ‘लांडशाफ्ट’चा प्रवास त्या दोहोंतही सांगावा.