बाकीचा महिना

अंकांच्या गूढार्थावरचं कुठलंही पुस्तक उघडा, त्यात ठरलेल्या मानकरी अंकांचीच चलती असते. तीन, सात, बारा, चाळीस, एकशे आठ. 'सूर्य त्याच्या व्यासाच्या १०८ पट अंतरावर आहे आणि चंद्रही त्याच्या' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लाडका संदेश याच घराण्यातला. (सरासरी अंतर घेऊन भागाकार केला तर सूर्याचं १०७ च्या आसपास येतं, चंद्राचं ११० च्या पुढे. मग 'साधारण' हा शब्द धावून येतो.)

अ‍ॅनमारी शिमेल यांचं 'द मिस्टरी ऑफ नंबर्स' (१९९३) या गर्दीत बसवणं अन्यायाचं होईल. शिमेल सूफी परंपरेच्या मोठ्या अभ्यासक. फ्रान्झ कार्ल एंड्रेस यांच्या जुन्या जर्मन पुस्तकावर उभं केलेलं हे काम अफाट माहितीने भरलंय. पण त्याची रचना शब्दकोशासारखी आहे: एकेक अंक घ्यायचा आणि कुठल्या परंपरेत त्याचा काय अर्थ ते सांगत जायचं. अंक असे सुटे सुटे मांडले की ते फार शहाणे दिसतात. त्यांची भांडणं दिसत नाहीत.

आणि निसर्गाच्या चक्रांमध्ये तर भांडणच मुख्य आहे. चंद्राच्या बारा फेऱ्यांना लागतात ३५४.३७ दिवस, सूर्याच्या वर्षाला ३६५.२४. एकाने दुसऱ्याला भागलं तर नि:शेष भाग जात नाही. उरतात पावणेअकरापेक्षा थोडे जास्त दिवस. मला वाटतं, माणसांनी पवित्र अंकांवर जितका विचार केला त्याहून जास्त या बाकीवर केला असावा, कारण बारा पूर्ण आहे हे एकदा ठरवलं की बाराचं काम संपतं. बाकी दरवर्षी दारात येऊन उभी राहते.

प्लुटार्कने सांगितलेली इजिप्तची कथा पाहा. सूर्याचा शाप असतो की आकाशदेवी नूट कुठल्याच महिन्यात आणि कुठल्याच वर्षात बाळंत होणार नाही. तेव्हा थोथ हा देव चंद्राशी सोंगट्या खेळतो, त्याच्या प्रकाशाचा सत्तरावा हिस्सा जिंकतो आणि त्यातून पाच दिवस घडवतो. ३६० दिवसांबाहेरचे, कुठल्याच महिन्याचे नसलेले. त्या दिवसांत ओसायरिस, आयसिस वगैरे पाच देव जन्मतात. घरात नाही आणि बाहेर नाही, दिवसा नाही आणि रात्री नाही, असा वर फोडणारा आपला नरसिंह ज्याला ठाऊक आहे त्याला ही युक्ती समजवावी लागणार नाही. माया लोकांचेही वीस-वीस दिवसांचे अठरा महिने झाल्यावर पाच दिवस उरत. त्यांना मात्र ते अशुभ वाटत. दिएगो दे लांदा या १६ व्या शतकातल्या स्पॅनिश धर्मगुरूने लिहून ठेवलंय की त्या दिवसांत लोक आंघोळ करत नसत, केस विंचरत नसत. बाकी तेवढीच, पाच. एकीकडे देवांचं बाळंतघर, दुसरीकडे सुतक. 'पाच'खाली या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून काय हाती लागणार?

मिर्चा एलियाडेने 'शाश्वत पुनरागमनाची मिथ्यकथा' (१९४९) या पुस्तकात अशा सांध्यांकडे लक्ष दिलं, हे त्याचं श्रेय. जुनं वर्ष आणि नवं वर्ष यांमधल्या फटीत व्यवस्था विरघळते, मेलेले परत येतात आणि मग सृष्टी नव्याने घडते, असं त्याचं म्हणणं. वाचताना भारावून जायला होतं. पण त्याला सगळीकडे एकच नाटक दिसतं, आणि आपला अधिक महिना त्यात बसत नाही. हा येतो वर्षाच्या मध्येच कुठेतरी. या महिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणून त्याला संक्रांत नाही, म्हणून धनी नाही. तो मलमास. पुराणात तो रडत विष्णूकडे जातो आणि विष्णू त्याला स्वतःचं 'पुरुषोत्तम' हे नाव देतो. यात प्रलय कुठेच नाही. बेवारस पोराला कुणीतरी आडनाव दिलं, एवढंच.

पण बाकी सांभाळायची तर ती कधी धरायची हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि तिथे सत्ता शिरते. रोममध्ये हा अधिकार पुरोहितवर्गाकडे होता. जास्तीचा महिना घालून किंवा टाळून कुणाचं पद लांबवता किंवा आखडता येई. घोळ इतका साचला की तो निस्तरताना सीझरला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. अरबस्तानातही युद्धबंदीचे पवित्र महिने पुढेमागे सरकवले जात. कुराणाच्या नवव्या सुऱ्यात याला निषिद्ध ठरवलं आणि बारा म्हणजे बाराच महिने राहिले. तेव्हापासून रमजान ऋतूंमधून मोकळा फिरतो.

इथे एक गंमत आहे. ३५४.३७ ला १०.८७ ने भागलं की साडेबत्तीस येतात. म्हणून आपला अधिक महिना सरासरी साडेबत्तीस सौरमासांनी पडतो आणि रमजान सुमारे साडेबत्तीस सौरवर्षांनी सगळे ऋतू फिरून जागेवर येतो. बाकी तीच. आपण ती महिन्याच्या पातळीवर चुकती करतो, ते वर्षाच्या पातळीवर वाहू देतात. साडेबत्तीसचे तेहेतीस करून अधिकातल्या तेहेतीस अनारशांचं कोडं सोडवायचा मोह मलाही झाला होता. परंपरा मात्र हे दान तेहेतीस देवांशी जोडते. माझ्याकडे पुरावा नाही. तसबीचे तेहेतीस मणी आठवले तेव्हा मीच वही मिटली. एकशे आठवाल्यांना हसणारा मी किती पटकन त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो!

बाकीशी माझी ओळख तशी कामातली. २९ फेब्रुवारी २०२४ ला आमची एक सेवा कोसळली. तारखेत एक वर्ष मिळवणारी एक ओळ कोडमध्ये होती, आणि २९ फेब्रुवारी २०२५ हा दिवस जगात नव्हता. ओळ मीच लिहिली होती.

दुसरी ओळख घरातली. २०२३ च्या अधिक श्रावणात आईने नव्या जावयाला तेहेतीस अनारसे दिले होते, चांदीच्या ताटलीत, वर दिवा लावून. यंदा अधिक ज्येष्ठ आला तेव्हा जावई उरला नव्हता. बहीण कागदपत्रं उरकून घरी परतली होती. वाण कुणाला द्यायचं, यावर आमच्याकडे दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आईने तांदूळ भिजत घातले. ताट बहिणीच्याच हातात दिलं. शास्त्रात बसतं का, असं मी विचारलं नाही.

तळताना पहिला अनारसा तुपात हसला, पार विरघळला. आईने झाऱ्याने चुरा गोळा करून वाटीत घातला. "हा मोजायचा नसतो," म्हणाली आणि वाटी माझ्याकडे सरकवली.