अनुक्त वर्णाचे व्याकरण

टोनी मॉरिसन यांच्या ‘प्लेइंग इन द डार्क’ (१९९२) या छोटेखानी ग्रंथाचे बळ त्यातील सिद्धान्तनापेक्षा एका वाक्याच्या वाचनात अधिक आहे. हेमिंग्वेच्या ‘टू हॅव अँड हॅव नॉट’ (१९३७) या कादंबरीत उडणारे मासे प्रथम दिसतात ते सुकाणूवरील कृष्णवर्णीय खलाशाला. त्याने ओरडून सांगावे, हे स्वाभाविक. परंतु वार्ता येते ती निवेदक हॅरीने त्याची नजर टिपल्यातून. आणि वाक्य विलक्षण अवघडते. खलाशाला बोलू न देण्यासाठी हेमिंग्वेसारखा शैलीकार आपली वाक्यरचना बिघडू देतो! सोबतच्या एडीचा वर्ण कोठेच नोंदलेला नाही. त्या मौनावरूनच मॉरिसन तो गोरा ठरवतात. लेखकाचा वंशद्वेष सिद्ध करणे हा त्यांचा हेतू नाही. वर्णाचा लाभ भाषेत इतका मुरतो, की लाभधारकाला तो लाभ वाटतच नाही.

वंश आणि जात एक नव्हेत, हे मान्य. तरीही मराठीत ‘दलित’ हे विशेषण एका साहित्याला लागते, उरलेले नुसते ‘मराठी साहित्य’ राहते. ते विशेषण दलित लेखकांनी स्वतः, भूमिका म्हणून स्वीकारले. विशेषणाविना वावरणाऱ्यांना भूमिका घ्यावी लागली नाही. त्यांची वाक्ये मात्र अशी क्वचितच तपासली गेली आहेत.