लगद्याच्या कागदावरचा मंगळ

जुलै १९६५मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने धाडलेल्या धूसर छायाचित्रांत ना कालवे होते, ना पडकी शहरे. होती ती नुसती विवरे. विज्ञानकथालेखिका ली ब्रॅकेटचा मंगळ तिथेच खोटा ठरला. आटलेल्या समुद्रांकाठची ओस बंदरे, गुत्त्यांत दडलेले पृथ्वीवरचे फरारी, आपला काळ सरला हे उमजलेले मानी मंगळवासी असे जग तिने १९४०च्या दशकात ‘प्लॅनेट स्टोरीज’सारख्या, लगद्याच्या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या पल्प मासिकांत उभे केले होते. विज्ञान चुकले, तशी कथाही शिळी झाली, असे समजून बहुतेक वाचक पुढे निघून गेले.

आता पल्प मासिकांतल्या अशा लेखकांकडे पुन्हा लक्ष जाते आहे. विस्मृतीत गेलेल्या विज्ञानकथाकारांसाठी कॉर्डवेनर स्मिथच्या नावाने २००१पासून पुरस्कार दिला जाऊ लागला. २००४मध्ये तो हेन्री कुटनर आणि सी. एल. मूर या दाम्पत्याला मिळाला, २००५मध्ये ब्रॅकेटला. हक्कांचे नूतनीकरण न झालेल्या कितीतरी पल्प कथा प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आज कुणालाही वाचता येतात. याचा मला मनापासून आनंद आहे. खटकते ती ओळख करून देण्याची रीत. ब्रॅकेट म्हणजे ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’च्या पटकथेचा पहिला खर्डा लिहिणारी, मूर म्हणजे पुरुषांच्या प्रांतात शिरलेली आद्य लेखिका. एवढे सांगून झाले की मूळ कथा बाजूलाच राहते.

मूरच्या आद्याक्षरांचेच घ्या. स्त्री असल्याचे लपवण्यासाठी तिने ती वापरली, असे सर्रास सांगितले जाते. खरे कारण निराळे होते. महामंदीच्या काळात ती इंडियानापोलिसमधल्या एका बँकेत नोकरीला होती आणि आपली वरकमाई बँकेला कळू नये एवढीच तिची इच्छा होती. १९३३मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ने छापलेल्या ‘शँब्लो’ने तिचे नाव झाले. पण मला तिची १९४४ची ‘नो वुमन बॉर्न’ अधिक मोठी वाटते. नाट्यगृहाच्या आगीत होरपळलेल्या डियर्ड्रे या नर्तिकेचा मेंदू सोनेरी धातूच्या देहात बसवला जातो. तिला घडवणारा माल्ट्झर खचतो: लोक तिला हसतील, ती माणसापेक्षा उणी ठरली आहे, अशी त्याची धास्ती. तिची भीती नेमकी उलटी. आपण माणसापेक्षा अधिक झालो आहोत आणि म्हणून एकट्या पडणार आहोत, हे तिने ओळखलेले असते. तिच्या हालचालींचे वर्णन करताना मूरची वाक्ये लांबत जातात, थबकतात, पुन्हा वळतात. शब्दांवर पैसे मोजणाऱ्या मासिकात इतका संयम सापडतो, याचे मला आजही नवल वाटते.

सगळेच काही वाचवण्याजोगे नाही. घाईत उरकलेले शेवट, साचेबंद खलनायक, परक्या वंशांकडे पाहण्याची हिणकस नजर पल्पमध्ये ढिगाने आहे. जुने म्हणून ते गोड मानायचे कारण नाही. ब्रॅकेट मात्र मंगळावर येणाऱ्या पृथ्वीवासीयाला अनेकदा लुटारू म्हणून पाहते. तिचे भूगोलाचे ज्ञान बाद झाले, ही नजर झाली नाही.

१९४०मध्ये लग्न झाल्यावर मूर आणि कुटनर इतके एकजीव होऊन लिहू लागले की कोणती ओळ कुणाची, हे सांगणे अवघड. त्यात टोपणनावांची गर्दी. कीर्ती विखुरली ती त्यामुळेही. ‘व्हिंटेज सीझन’ ही कथा १९४६मध्ये ‘लॉरेन्स ओ’डॉनेल’ या नावाने आली; तिच्यात मूरचा वाटा मोठा मानला जातो. भविष्यातले रसिक पर्यटक एका रम्य मे महिन्यात ऑलिव्हर विल्सनच्या घरी उतरतात. येऊ घातलेला विनाश त्यांना ठाऊक असतो. तो पाहायलाच ते आलेले असतात, सावध मात्र कुणाला करत नाहीत. आजच्या सोयीने १९४०च्या दशकात डोकावणाऱ्या आपणा वाचकांची मला इथे हटकून आठवण होते. विनाशामागोमाग आलेल्या साथीच्या तापात ऑलिव्हर कळलेले सारे कागदावर उतरवून ठेवतो. सहा दिवसांनी साथ रोखण्याच्या धडपडीत ते घर सुरुंग लावून उडवले जाते आणि कागदही त्यातच जातात.