वकिलाचा तास कोणाच्या मालकीचा?

मंडळी, मोठ्या लॉ फर्मचा विषय निघाला की लोक फीचे आकडे सांगून डोळे विस्फारतात. आम्हाला तो प्रश्न दुय्यम वाटतो. आधी विचारू या, तिथं विकलं काय जातं?

विकला जातो तास. ही पद्धत रुजवली बॉस्टनच्या रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी, आणि गंमत अशी की त्याआधी ते गरिबांना कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेत होते! वेळ कुठं खर्च होतो ते कळावं म्हणून नोंद ठेवायची, एवढाच मूळ हेतू. पुढं नोंदवहीचंच बिल झालं.

आता नफ्याचं गणित बघा. समजा, ज्युनियरचा तास अशिलाला 10,000 रुपयांना लावला आणि त्याच्या हातात 3,000 पडले. जागाभाडं, कारकून वजा जाता उरलं ते भागीदाराचं. असे पाच ज्युनियर हाताखाली असले, की भागीदार झोपेतही कमावतो. ज्युनियर हे का सोसतो? उद्या आपणही भागीदार होऊ, या आशेवर. म्हणजे फर्म आशासुद्धा भांडवल म्हणून वापरते.

आपल्याकडं ही आशा आणखी अरुंद होती. 1956 च्या कंपनी कायद्यामुळं भागीदारीत 20 पेक्षा जास्त माणसं घेता येत नसत; 2008 च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्यानं वाट मोकळी झाली. तोवर मालकी घराण्यात राहणं सोपं होतं. 1917 साली स्थापन झालेली अमरचंद मंगलदास फर्म 2015 मध्ये दुभंगली, मुंबई सिरिल श्रॉफ यांच्याकडं, दिल्ली शार्दूल श्रॉफ यांच्याकडं. वाद आईच्या मृत्युपत्रावरून. आमच्या कोकणात कलमांच्या बागेची वाटणी होते, पण तिथं झाडं तरी मोजता येतात. इथं वाटले गेले ते शेकडो वकिलांचं कसब आणि अशिलांचा विश्वास. त्या वकिलांची या मालमत्तेवर मालकी किती, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

वकिलानं वकील नसलेल्याशी फी वाटून घ्यायची नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. तो आम्हाला योग्य वाटतो. पण त्यामुळं बाहेरचं भांडवल येत नाही, आणि फर्मची खरी पुंजी रोज संध्याकाळी जिना उतरून घरी जाते. न्यूयॉर्कच्या ड्यूई अँड लबफ फर्मनं नावाजलेल्या भागीदारांना हमीचे पैसे कबूल केले. पैसे पुरेनात तशी माणसं निघाली, आणि 2012 मध्ये दिवाळं वाजलं.

आमचा मुख्य आक्षेप मात्र तासालाच आहे. चार तासांचं काम हुशार वकील एका तासात उरकतो, तर त्याचं बिल कमी. कसबाला दंड आणि रेंगाळण्याला बक्षीस! कांट किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद करतो. सल्ल्यातली सचोटी दुसऱ्या खात्यात बसते, तिला दर लावता येत नाही.

म्हणून तालुक्याचा वकील बरा, असं म्हणायची घाई नको. तो तारखेवर पैसे घेत असेल, तर रोग तोच. तारीख पडली की कमाई. मग निकालाची घाई कोणाला?

ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. आपल्या जिल्ह्याची प्रकरणं आता तिकडं जातात, मुंबईची खेप वाचली. तिथं वकील द्याल तेव्हा संपूर्ण कामाची फी आधी ठरवा, कागदावर घ्या, पावती मागा. वकील रागावला तर दुसरा बघा. असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.