बहिणीची सही

वरळीच्या बीडीडी चाळींतली माणसं 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात चालली आहेत. ऑगस्ट 2025मध्ये पहिल्या किल्ल्या वाटल्या गेल्या. अशाच एखाद्या घरात आईच्या पश्चात खोली थोरल्याच्या नावावर झाली, धाकटा विरारला गेला; आता नव्या घरासाठी लग्न झालेल्या बहिणीची सही हवी. ती मागायला जायचं कोणत्या तोंडानं? व्हिक्टोरियन कादंबरीकाराला एवढ्यावर तीन खंड पुरले असते. वारसा आणि मृत्युपत्र यांवर त्या मंडळींचं निम्मं दुकान चालायचं.

जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मधला (1871-72) बल्स्ट्रोड घ्या. देवभीरू, गावात मान असलेला बँकर. त्याचं जुनं पाप ठाऊक असलेला माणूस त्याच्याच घरात आजारी पडतो. दारू द्यायची नाही, असं डॉक्टर बजावून गेलेला. रात्री घरकामवाली ब्रँडी मागते आणि बल्स्ट्रोड तिला किल्ली देतो. बस्स. माणूस मरतो. खून म्हणावा तर हात लावलेला नाही, नाही म्हणावं तर किल्ली दिलेली आहे. वाचताना आपणही मनातून ती दिलेली असते, हे त्यातलं भयंकर.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी ‘मधली स्थिती’ (1885) रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीवर बेतली आणि पाचच वर्षांत ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ सुरू केली. केवढी ही झेप! गिरगावातल्या रखमाबाईंचा खटला तेव्हा ताजा होता. नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात, असं कोर्टानं 1887मध्ये त्यांना सांगितलं होतं. कादंबरीतल्या विधवा यमूच्या केशवपनानं महाराष्ट्र हादरला. मात्र सगळं पाप तिच्या सासरच्या शंकरमामंजींच्या पदरात पडतं. वाचक यमूसाठी रडतो आणि स्वतः निर्दोष सुटतो.

ही सुटका आपल्या कादंबरीला भोवली, असं माझं मत आहे. छळणारा एकीकडे, सोसणारा दुसरीकडे. भांडण अंगणात, घरात नाही. अपवाद आहेत. बेडेकरांचं ‘रणांगण’ (1939) आहे, आणि गिरणगावापुरतं बोलायचं तर जयंत पवार. 1982च्या गिरणी संपानं मोडलेलं चाळीतलं घर ‘अधांतर’मध्ये उभं राहतं तेव्हा मालकाला शिव्या देऊन मोकळं होता येत नाही. एक मुलगा गुंडगिरीकडे वळलेला आहे, आणि आई त्याचीही आईच आहे. अर्थात ‘अधांतर’ हे नाटक. कादंबरी अजून बिल्डरलाच शंकरमामंजी करते आहे. बिल्डर साधुसंत नाहीत, कबूल. पण बहिणीची सही मागायला बिल्डर जात नाही, भाऊ जातो.

त्या सहीवर कोणी कादंबरी लिहीत असेल, तर पहिली प्रत मी विकत घेईन.